तारेला वाचा देणारा : अलेक्झांडर ग्रॅहम बेल

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिर ज्यांनी हिंडून पाहिले असेल, त्यांना तेथील तळघरे आठवत असतील. राजा मानसिंह तोमर याने बांधविलेल्या या राजवाड्यात जमिनीखाली दोन मजले आहेत. भिंतींत ठेवलेल्या पोकळ वाटा दाखवून, त्यांतून एका दालनातील माणूस दुसऱ्या दालनातील माणसाशी बोलत असे, असे वाटाडे सांगतात. दृष्टीआड असलेल्या माणसापर्यंत आपला आवाज पोचावा, ही मनुष्याची फार जुनी इच्छा होय. परंतु नळीतून जाणारा आवाज मर्यादित अंतरापर्यंतच पोचतो. कोसांचे अंतर त्याला तोडता येत नाही. त्यासाठी आवाजाला हवेचे वाहन सोडून विजेचे वाहन घ्यावे लागले. हे वाहन सिद्ध करण्यात ज्याचे नाव अग्रभागी आहे, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

टेलिफोनचा जनक म्हणून बेलचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावरून गेलेले असते. पण त्या शोधाचे पहिले बीज रबर, कापूस, लाकूड आणि पत्रा एवढ्या सामग्रीतून दोन भावांनी घरी बसून केलेल्या एका बोलक्या खेळण्यात होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्हाला त्या खेळण्यापासूनच ही हकीकत सांगावयाची आहे.

बेलचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी ३ मार्च १८४७ रोजी झाला. त्याच्या घराण्याचा व्यवसायच मुळी वाणीचा. आजोबा लंडनमध्ये लोकांना शुद्ध व स्पष्ट उच्चार शिकवीत, आणि वडील अलेक्झांडर मेल्व्हिल बेल एडिंबरोत तेच काम करीत. तोंडातील जीभ, ओठ, टाळू आणि घसा यांच्या कोणत्या स्थितीतून कोणता ध्वनी निघतो, याचा बारकाईने अभ्यास करून वडिलांनी एक चिन्हलिपी तयार केली होती. ‘दृश्य वाणी’ असे तिचे नाव. तिची चिन्हे पाहून अपरिचित भाषेतील शब्दही बिनचूक उच्चारता येत. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग बाळबोधीबरोबरच शिकणाऱ्या आपल्या मुलांना या विचाराचे नवल वाटणार नाही. परंतु युरोपात त्या काळी ही मोठी नवलाईची गोष्ट होती.

या वाणीच्या घरात आईला मात्र जवळजवळ ऐकू येत नसे. एलायझा बेल ही चित्रकार होती आणि पियानोही उत्तम वाजवी. कानाला लावावयाच्या नळीचे दुसरे टोक ती पियानोच्या फळीवर टेकवी आणि स्वरांचा कंप त्या वाटेने अनुभवी. इतर माणसे तिच्या नळीत मोठ्याने ओरडत. तिच्या मधल्या मुलाने, म्हणजे अलेकने, निराळाच मार्ग शोधला. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, भरदार स्वरात बोले, आणि ते तिला समजे. घरात चार माणसांचे बोलणे चालले की तो तिच्या शेजारी बसून बोटांच्या खुणांनी सारा संवाद तिला कळवीत राही. आवाज म्हणजे केवळ कानाने ऐकावयाची वस्तू नसून तो एक कंप आहे, हाडालाही तो जाणवतो, आणि त्याचा अर्थ डोळ्यांच्या वाटेनेही पोचविता येतो, हा धडा अलेकला कोणत्याही पुस्तकाआधी आईने दिला.

शाळेत त्याची हुशारी फारशी चमकली नाही. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली तेव्हा त्याच्या नावावर कोणतीही मोठी बक्षिसे नव्हती. पण त्याचे हात कधी रिकामे नसत. बारा वर्षांचा असताना एका मित्राच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीत दोघे मुले धुडगूस घालीत होती. काही उपयोगाचे काम करा, असे गिरणीमालकाने सुनावताच अलेकने गव्हाचे दाणे हातात घेऊन पाहिले, आणि फिरत्या चाकाला कुंचले बसवून टरफले काढण्याची एक युक्ती तयार केली. ही युक्ती त्या गिरणीत पुढे काही काळ वापरातही राहिली.

१८६३ साली, अलेक सोळा वर्षांचा असताना, वडिलांनी त्याला लंडन येथे चार्ल्स व्हीट्स्टन या शास्त्रज्ञाकडे नेले. व्हीट्स्टनजवळ एक बोलते यंत्र होते. अठराव्या शतकात व्हिएन्ना येथील व्होल्फगांग फॉन केम्पेलेन याने अशा यंत्राची कल्पना मांडून १७९१ साली त्यावर ग्रंथ लिहिला होता, आणि व्हीट्स्टनचे यंत्र त्याच धर्तीवर केलेले होते. भाता दाबला की हवा एका पट्टीवरून जाई, पट्टी कापू लागे, आणि पुढची कातड्याची नळी हाताने दाबून वा उघडून निरनिराळे ध्वनी काढता येत. उच्चार ओबडधोबड होते. परंतु निर्जीव वस्तूच्या तोंडून शब्द निघताना पाहून अलेक अगदी थक्क झाला. त्याने केम्पेलेनचा ग्रंथ मागून आणला. घरी परतल्यावर वडिलांनी अलेकला व त्याचा थोरला भाऊ मेल्व्हिल याला आव्हान दिले की, तुम्हीच असे एक यंत्र करून दाखवा.

दोघा भावांनी काम वाटून घेतले. मेल्व्हिलकडे फुप्फुस आणि घसा, अलेककडे तोंड. माणसाच्या कवटीवरून अलेकने जबड्याचा व दातांचा साचा घेतला आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या चिकापासून तो भाग ओतला. ओठांसाठी तारेचा सांगाडा करून त्यात कापूस भरला व वर रबर चढविले. खरी अडचण जिभेची होती. जीभ हा तोंडातील सर्वांत चपळ अवयव. एका अखंड ठोकळ्याने तिचे काम होणे शक्य नव्हते. तेव्हा त्याने लाकडाचे लहान लहान तुकडे शेजारीशेजारी बसविले, प्रत्येकाला वर-खाली करणारी दांडी लावली, आणि कापसाची गादी घालून ते सर्व रबराने मढविले. इकडे मेल्व्हिलने पत्र्याचा कंठ करून त्यात रबराचे पातळ पडदे ताणून बसविले. दोन्ही भाग एकत्र जोडून मेल्व्हिलने नळीतून जोराने फुंकर मारली, अलेकने ओठांची उघडझाप केली, आणि ते मुंडके लहान मुलासारखे आईला हाका मारू लागले.

मग काय विचारता! ते यंत्र घेऊन दोघे जिन्यात गेले आणि मुलाचे केविलवाणे रडणे सुरू केले. थोड्याच वेळात वरच्या बिऱ्हाडाचे दार उघडले, आणि बाळाला काय झाले म्हणून शेजारीण घाईघाईने खाली आली. आपली विद्या पूर्णपणे फळाला आल्याचे पाहून दोघे भाऊ हळूच घरात सटकले. पुढे अलेकने घरच्या कुत्र्यावरही हा प्रयोग केला. कुत्र्याला एकसारखे गुरगुरावयास शिकवून तो त्याचा जबडा हातांनी हलवी. त्यातून असे काही ध्वनी निघत की, कुत्रा आजीबाईंच्या प्रकृतीची चौकशी करीत आहे, असा ऐकणाऱ्यांना भास होई.

हा मुलांचा खेळ खरा. परंतु त्या खेळासाठी अलेकला वाणीचा एकेक सांधा सुटा करून पुन्हा जोडावा लागला होता. आवाजाचा उगम कोठे, त्याला आकार कोठे मिळतो, ‘आ’चा ‘ऊ’ होतो तेव्हा नेमके काय बदलते, हे त्याच्या बोटांना कळले. पाठ केलेले मनुष्य विसरतो. हाताने घडविलेले विसरत नाही.

पुढे एल्गिन या गावच्या शाळेत तो स्वतः शिकता शिकता उच्चारशास्त्र व संगीत शिकवू लागला. तेथे त्याने एक मौजेचा उद्योग आरंभिला. नादकाटा ठोकून तो तोंडासमोर धरावयाचा, तोंडाचा आकार ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ असा बदलीत न्यावयाचा, आणि कोणत्या आकाराला कोणता काटा मोठ्याने वाजू लागतो ते टिपून ठेवावयाचे. आपल्या वाचकांना हे तत्त्व समजण्यास वेळ लागणार नाही. उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या सरोदाने गाजलेल्या या शहरात तरफेच्या तारा कोणी पाहिल्या नाहीत? मुख्य तारांखाली असलेल्या त्या बारीक तारांना वादक सहसा छेडीत नाही. परंतु वर एखादा स्वर वाजला की त्याच स्वराला जुळविलेली खालची तार आपण होऊन झंकारते आणि बाकीच्या गप्प राहतात. यालाच अनुनाद म्हणतात. तोंडाच्या पोकळीलाही असेच ठरावीक स्वर असतात, आणि तोंडाचा आकार बदलला की तेही बदलतात, असे अलेकला आढळले.

हे निष्कर्ष त्याने अलेक्झांडर एलिस या विद्वानाला कळविले. तेव्हा असे समजले की, जर्मनीतील हेल्महोल्ट्स या थोर शास्त्रज्ञाने हे काम आधीच केलेले आहे. इतकेच नव्हे, तर विजेच्या साहाय्याने नादकाटे वाजते ठेवून त्यांच्या मिश्रणातून त्याने स्वरवर्णही निर्माण केले आहेत. हेल्महोल्ट्सचा ग्रंथ जर्मन भाषेत, आणि अलेकला ती भाषा नीट येत नव्हती. आकृत्यांवरून त्याने असा तर्क केला की, या गृहस्थाने माणसाचे स्वर तारेतून दूरवर पाठविले आहेत. वस्तुतः हेल्महोल्ट्सने तसे काही केले नव्हते. परंतु स्वर पाठविता येतात तर व्यंजनेही पाठविता येतील, मग संपूर्ण बोलणेच का नाही, हा विचार त्या चुकीच्या वाचनातून अलेकच्या मनात रुजला. जर्मन नीट समजले असते तर कदाचित आपण या वाटेला लागलोच नसतो, असे तो पुढे हसत सांगत असे.

हेल्महोल्ट्सच्या विजेच्या काट्यामागील युक्ती इतकी सोपी आहे की, आमच्या विद्यार्थिमित्रांना ती घरी करून पाहता येईल. एका जाड लोखंडी खिळ्यावर इनॅमल चढविलेल्या तांब्याच्या तारेचे सुमारे दोनशे वेढे घट्ट गुंडाळावेत व तो लाकडी पाटावर उभा बसवावा. जुन्या डब्याच्या पत्र्याची एक लवचीक पट्टी घेऊन तिचे एक टोक पाटावरील ठोकळ्याला पक्के करावे, आणि दुसरे टोक खिळ्याच्या डोक्यावर किंचित अंतर राखून अधांतरी ठेवावे. पट्टीला वरून नुसता स्पर्श होईल असा एक स्क्रू वेगळ्या आधारावर बसवावा. टॉर्चच्या तीन सेलांच्या एका टोकापासून वीज वेढ्यांतून पट्टीत, पट्टीतून स्क्रूत आणि तेथून सेलांच्या दुसऱ्या टोकाकडे जाईल अशी जोडणी करावी. जेथे जेथे जोड आहे तेथे तारेवरील इनॅमल खरवडून काढावे. वीज सुरू होताच खिळा चुंबक बनतो व पट्टीला ओढतो. पट्टी स्क्रूपासून सुटली की वीज खंडित होते. चुंबकत्व जाते, पट्टी परत वर येते, स्क्रूला टेकते, आणि पुन्हा पहिल्यापासून सारे सुरू होते. हे एका सेकंदात कितीतरी वेळा घडत असल्यामुळे भुंग्यासारखा गुणगुणाट ऐकू येतो. पट्टीचा अधांतरी भाग आखूड केला की स्वर चढतो, लांब केला की उतरतो. घरातील भिंतीवरच्या विजेला मात्र हे यंत्र कधीही जोडू नये. त्यात जिवाला धोका आहे.

अलेक अशा प्रयोगांत रमलेला असतानाच त्याच्या घरावर आघात झाले. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ साली क्षयाने वारला. तीनच वर्षांनी, १८७० साली, ज्याच्यासह त्याने ते बोलके मुंडके केले होते तो थोरला मेल्व्हिलही त्याच रोगाने गेला. अलेकचीही प्रकृती ढासळू लागली. उरलेला एकुलता मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडिलांनी जन्मभूमीचा त्याग केला आणि त्याच वर्षी ते कॅनडातील ब्रँटफर्ड गावाजवळ येऊन राहिले. तेथील मोकळ्या हवेत अलेकची प्रकृती सुधारली. १८७१ साली तो अमेरिकेतील बॉस्टन शहरी गेला आणि तेथील कर्णबधिर मुलांच्या शाळेत वडिलांची चिन्हलिपी शिकवू लागला. १८७३ साली बॉस्टन विद्यापीठात त्याला वाणीच्या इंद्रियविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले.

आता त्याचे दिवस शिकविण्यात आणि रात्री प्रयोगात जाऊ लागल्या. एका लहानग्या कर्णबधिर विद्यार्थ्याच्या आजीकडे तो राहत असे, आणि तेथे त्याच्या तारा, चुंबक व सेल यांनी जागा व्यापली होती. त्या वेळी एका तारेतून एका वेळी मोजक्याच तारा, म्हणजे संदेश, पाठविता येत. निरनिराळ्या स्वरांना जुळविलेल्या पट्ट्या एकाच तारेला जोडल्या, तर तरफेच्या न्यायाने प्रत्येक पट्टी पलीकडील आपापल्या जोडीदाराशीच बोलेल आणि अनेक संदेश एकदम जातील, अशी त्याची योजना होती. त्याच्या दोन विद्यार्थ्यांच्या वडिलांनी या कामाला पैसा पुरविला. यंत्रे बनविण्यासाठी त्याला टॉमस वॉटसन हा विशीतला कुशल कारागीर मिळाला. बेलला कल्पना सुचत, परंतु हात तितके सफाईदार नव्हते. वॉटसनच्या हातांनी त्या कल्पनांना रूप दिले. या निष्ठावंत साथीदाराचे नाव बेलबरोबर घेतलेच पाहिजे.

पण बेलचे मन बोलण्याकडे ओढ घेत होते, आणि तेथे मोठी अडचण उभी होती. वर सांगितलेल्या पट्टीत वीज एकतर असते, नाही तर नसते. हार्मोनियमची पट्टी दाबली तर स्वर आहे, सोडली तर नाही; एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. माणसाचे बोलणे तर सगळे मींडेसारखे अखंड बदलणारे असते. तेव्हा तुटक वीज उपयोगाची नाही. हवेच्या कंपाबरोबर लाटेसारखी वाढणारी व कमी होणारी वीज पाहिजे, हे बेलने ओळखले. आमच्या मते त्याच्या बुद्धीची खरी झेप ती हीच.

ही वीज निर्माण कशी करावी? १८७४ च्या उन्हाळ्यात त्याने एका डॉक्टरमित्राकडून मृत मनुष्याचा कान मिळविला. त्याच्या हाडाला गवताची काडी चिकटवून तो कानात बोले, आणि काजळी धरलेल्या काचेवर ती काडी आवाजाची रेघ काढी. कागदाहून पातळ असा कानाचा पडदा त्यामानाने कितीतरी जड असलेली हाडे हलवितो. मग तसाच पण मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलविणार नाही? चुंबकासमोर लोखंड हलले की तारेत वीज खेळते, हे तर फॅरडेपासून सर्वांना माहीत होते. पुढील वर्षाच्या मार्च महिन्यात तो वॉशिंग्टन येथे जोसेफ हेन्री या वृद्ध शास्त्रज्ञाला भेटला व आपल्याला विजेचे पुरेसे ज्ञान नसल्याचे त्याने कबूल केले. हेन्रीने त्याला ते ज्ञान मिळविण्यास निक्षून सांगितले. त्या उपदेशाने त्याला मोठा धीर आला.

२ जून १८७५ रोजी बॉस्टनमधील कारखान्याच्या माळ्यावर दोघांचे काम चालले होते. वॉटसन एका खोलीत, बेल दुसऱ्या खोलीत. वॉटसनकडील एक पट्टी स्क्रूला चिकटून बसली. ती सोडविण्यासाठी त्याने तिला बोटाने छेडले. त्याच क्षणी बेलच्या कानाशी असलेल्या पट्टीतून झणत्कार उमटला. तो तुटक विजेचा कोरडा गुणगुणाट नव्हता. छेडलेल्या पट्टीचा स्वर त्याच्या साऱ्या उपस्वरांसह तारेतून आला होता. बेल धावत वॉटसनकडे गेला, आणि कशालाही हात न लावण्यास त्याने त्याला बजावले. आठ वर्षांचा नाद ज्याच्या कानात साठला होता, त्यालाच त्या क्षीण झणत्काराचा अर्थ कळला. दुसरा कोणी असता तर पट्टी नीट बसवून पुढच्या कामाला लागला असता.

तरीही स्पष्ट शब्द ऐकू येण्यास नऊ महिने गेले. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी बेलचा पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या संशोधकानेही अशाच यंत्राची सूचना त्या कचेरीत नोंदविली. ७ मार्चला बेलला १,७४,४६५ या क्रमांकाचे पेटंट मिळाले, आणि १० मार्च १८७६ रोजी दुसऱ्या खोलीतील वॉटसनला बेलने यंत्रातून हाक मारली, ती वॉटसनला शब्दशः ऐकू आली. त्या दिवशीच्या यंत्रात पडद्याला जोडलेली तार आम्लमिश्रित पाण्यात बुडलेली होती; पडदा हलला की तार कमीअधिक बुडे, आणि त्याबरोबर वीज कमीअधिक होई.

या शोधाचे श्रेय कोणाचे, यावर मोठे वाद झाले. जर्मनीच्या फिलिप राइसने १८६१ सालीच स्वर वाहून नेणारे यंत्र केले होते. मूळ इटलीच्या अंतोनियो मेउच्ची याने १८७१ साली आपल्या यंत्राची सूचना अमेरिकेत नोंदविली होती, परंतु पुढे ती चालू ठेवण्यास त्याच्याजवळ पैसे उरले नाहीत. ग्रेचा उल्लेख वर आलाच आहे. शेकडो खटले झाले. अखेर १८८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी बेलच्या बाजूने निकाल दिला. २००२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून मेउच्चीच्या कार्याचा गौरव केला. न्यायालयाचा निकाल एकाच्या गळ्यात माळ घालतो. परंतु अशी विद्या अनेकांच्या घरांत एकाच वेळी उगवत असते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

२५ जून १८७६ रोजी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचा बादशहा दोम पेद्रू याने ते यंत्र कानाला लावले आणि त्यातून माणसाचा आवाज येताना ऐकून तो चकित झाला. पुढे या शोधाचा प्रसार वेगाने झाला. अवघ्या सहा वर्षांनी, १८८२ च्या जानेवारीत, आपल्या देशातही कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरी टेलिफोनची केंद्रे सुरू झाली होती.

११ जुलै १८७७ रोजी बेलचा विवाह त्याची पूर्वीची विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिच्याशी झाला. पाचव्या वर्षी आलेल्या तापात तिची श्रवणशक्ती कायमची गेली होती. विवाहाची भेट म्हणून नव्या टेलिफोन कंपनीतील आपल्या भागांपैकी अवघे १० स्वतःजवळ ठेवून बाकीचे सर्व त्याने तिला दिले. दैवाची गती किती विचित्र! ज्या यंत्राने साऱ्या जगाचे कान जोडले, ते यंत्र त्याच्या आईच्या किंवा पत्नीच्या कधीच उपयोगी पडले नाही.

कीर्ती व संपत्ती लाभल्यावरही बेलचे हात थांबले नाहीत. १८८० साली त्याने प्रकाशाच्या किरणावरून बोलणे पाठवून दाखविले. त्याच वर्षी फ्रान्सकडून मिळालेल्या ५०,००० फ्रँकच्या व्होल्टा पारितोषिकातून त्याने प्रयोगशाळा काढली, आणि तेथे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात सुधारणा झाल्या. त्याच्या प्रोत्साहनाने तयार झालेले ‘सिल्व्हर डार्ट’ हे विमान २३ फेब्रुवारी १९०९ रोजी कॅनडातील बॅडेक येथे उडाले. अंध व बधिर हेलन केलरला शिक्षणाचा मार्ग दाखविणाऱ्यांत तो होता. म्हणून तिने आपले आत्मचरित्र त्यालाच अर्पण केले.

येथपर्यंतचे चरित्र मोठ्या आनंदाने सांगावे असे आहे. परंतु थोरांचे चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे आम्हाला योग्य वाटत नाही. कर्णबधिर मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावे, खुणांची भाषा त्यांना शाळेत शिकवू नये, असा बेलचा आग्रह होता. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने याच मताचा ठराव केला, आणि अनेक देशांतील शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. कर्णबधिरांनी आपसांत विवाह करू नयेत, असेही मत बेलने १८८३ साली एका निबंधात मांडले. त्याचा हेतू मुलांना समाजात मिसळता यावे हा होता, याविषयी आम्हाला शंका नाही. पण कित्येक मुलांचे हात शाळेत धरून ठेवले गेले, आणि तोंडाने बोलणे न जमल्यामुळे ती दोन्हीकडून मुकी राहिली. पुढे १९६० साली विल्यम स्टोको याने दाखवून दिले की, खुणांची भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली संपूर्ण भाषा आहे. आपल्या देशातही २०१५ साली दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. जो मुलगा आईजवळ बसून बोटांनी तिच्याशी बोलत असे, त्याच मुलाला मोठेपणी बोटांच्या भाषेची थोरवी उमगू नये, ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत खेदाची गोष्ट होय. लोकांचा आवाज दूरवर पोचविणाऱ्यानेही ज्यांच्यासाठी आपण झटतो त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, एवढा बोध त्यातून निघतो.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील आपल्या राहत्या घरी बेलचा अंत झाला. दोन दिवसांनी त्याच्या दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिटभर बंद ठेवण्यात आले. ज्याने तारेला बोलावयास शिकविले त्याला तारेच्या मौनानेच निरोप मिळाला. पुढच्याच वर्षाच्या आरंभी मेबलही त्याच्यामागे गेली.

आज घरी बसून आवाजाचे यंत्र करणे किती सोपे झाले आहे! १९७२ साली बाजारात आलेली, ५५५ या क्रमांकाने ओळखली जाणारी बोटाच्या पेराएवढी चकती, दोन-चार छोटे भाग, एक कर्णा आणि एक बॅटरी एवढ्यावर आगीच्या बंबाची शीळ किंवा पाखरांची किलबिल काढता येते. आमच्या खिळ्याच्या यंत्रात पट्टी जे काम करते, तेच काम येथे काहीही न हलता होते. विजेची उघडझाप तीच. शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात अशी यंत्रे मांडली जातात, पाहुणे बटण दाबतात, हसतात आणि पुढे जातात. यंत्र करणाऱ्याने मात्र तेथेच थांबू नये. स्वर का चढला, का उतरला, एखादा आवाज गोड आणि दुसरा कर्कश का, आणि आपल्या गळ्यातून निघणारा साधा ‘आ’ त्या यंत्रातून अजून का निघत नाही, हे प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. एडिंबरोच्या जिन्यातील ती शेजारीण बाळ नाही असे पाहून परत वर गेली. पण ते खेळणे करणारा मुलगा पुढची तेरा वर्षे त्याच एका प्रश्नाच्या मागे चालत राहिला.